आठवीपासून विज्ञान शाळा : फी झेपेल, पण तयारीचा खर्च आवरा

प्रश्न : मी सोलापुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या यजमानांचे पूर्व भागात टॉवेलचे यंत्रमाग आहेत. सातवीत शिकणाऱ्या आमच्या मुलीची पुण्याजवळच्या एका निवासी विज्ञान शाळेत आठवीसाठी निवड झाली आहे. पहिल्या वर्षाची फी आणि शाळा सुरू होण्यापूर्वीची तयारी मिळून ३,९०,००० रुपये लागणार आहेत. ४,००,००० रुपयांच्या ठेवी मोडून ते भरावेत, नववीची फी सुकन्या समृद्धी खात्यातून काढावी आणि पुढे कमी पडल्यास १२ तोळे सोन्यावर कर्ज घ्यावे, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : ताई, सस्नेह नमस्कार. प्रथम मुलीचे मनापासून अभिनंदन. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावीत असताना प्रात्यक्षिक फेरीपर्यंत पोहोचलेली आणि आता या शाळेची लेखी परीक्षा व मुलाखत दोन्ही पार केलेली मुलगी तिथे टिकेल की नाही, ही शंका मनातून काढून टाकावी. राहतो तो पैशांचा प्रश्न. आपण पत्रासोबत फीचा तक्ता, शाळेचे नियमपत्र आणि घरखर्चाचा हिशोब पाठवल्यामुळे त्याचे उत्तर मोघम न देता आकड्यांनिशी देता येते. माझे मत असे आहे की ही शाळा आपल्याला झेपू शकते, परंतु जूनपूर्वीची जी तयारी आपण ठरवली आहे ती झेपत नाही. आणि पैसे उभे करण्याचे जे मार्ग आपण लिहिले आहेत, त्यांतला एक तर नियमानेच बंद आहे.

आधी महिन्याचा हिशोब पाहू. आपला हातात येणारा पगार ६२,००० रुपये आहे. मागांचे उत्पन्न आपण २० ते ३५ हजार लिहिले आहे. जॉब रेट (मजुरीने विणून देण्याचा दर) आणि सुताचे भाव ज्या वेगाने वरखाली होतात ते पाहता मी २०,००० रुपयेच धरतो. एकूण ८२,००० रुपयांमधून घरखर्च ३८,०००, जुळे सोलापुरातील फ्लॅटचा हप्ता १७,५००, धाकट्या मुलाची शाळा व शिकवणी ३,५००, विम्याचा हप्ता महिन्याला ३,०००, सुकन्या ४,००० आणि पीपीएफ २,००० रुपये वजा केल्यास १४,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,६८,००० रुपये शिल्लक राहतात. शाळेची वार्षिक फी शिक्षण, वसतिगृह, भोजन आणि प्रयोगशाळा मिळून २,३०,००० रुपये आहे, शिवाय पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क २०,००० आणि परत मिळणारी अनामत ३०,००० रुपये. मुलगी घरी नसल्यामुळे तिचे जेवणखाण, रिक्षा आणि शिकवणी यांचे महिन्याला सुमारे ३,००० रुपये वाचतील. पण पुण्याला जाणेयेणे, सहली, गणवेश आणि किरकोळ खर्चात तेवढीच रक्कम जाईल, म्हणून या दोन्ही बाजू मी हिशोबात एकमेकींना वळत्या केल्या आहेत.

शाळेने दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत फीवाढ होऊ शकते असे लिहून दिले आहे, त्यामुळे ती पूर्ण १० टक्के होईल असेच धरून चालावे. त्या हिशोबाने आठवी ते दहावीची फी ७,६१,००० रुपये होते आणि प्रवेश शुल्क व अनामत धरून ८,११,००० रुपये. आपली वेतनवाढ आणि महागाई भत्ता एका बाजूला व वाढता घरखर्च दुसऱ्या बाजूला धरला, तर तीन वर्षांत मासिक शिलकीतून साधारण ५,५६,००० रुपये उभे राहतील. म्हणजे तूट सुमारे २,५५,००० रुपयांची आहे. ही रक्कम लहान नाही, पण तिच्यासाठी सोने गहाण टाकावे इतकी मोठीही नाही.

आता ठेवींविषयी. चार लाखांपैकी २,४०,००० रुपये बँकेत आहेत आणि १,६०,००० रुपये पतसंस्थेत, कारण तिथे व्याज थोडे जास्त मिळते. बँकेतील ठेवीला, मग ती बँक नागरी सहकारी असली तरी, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. आपल्या शहरात हा फरक अनेक सुशिक्षित कुटुंबांच्याही लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. पतसंस्थेची ठेव मे महिन्यात पूर्ण होत आहे. ती पुन्हा न गुंतवता काढून घ्यावी आणि जूनच्या पहिल्या हप्त्यासाठी वापरावी, कारण तो हप्ता अर्धी फी, प्रवेश शुल्क आणि अनामत मिळून १,६५,००० रुपयांचा आहे. ऑक्टोबरचा १,१५,००० रुपयांचा हप्ता मात्र ऐन दिवाळीच्या तोंडावर येतो, आणि त्याच वेळी यजमानांना कामगारांचा बोनस द्यावा लागतो. त्यासाठी एप्रिलपासूनच महिन्याची शिल्लक वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकण्यास सुरुवात करावी. बँकेतील २,४०,००० रुपयांना हात लावू नये. घरखर्च, घराचा हप्ता आणि धाकट्याची शाळा मिळून आपल्याला महिन्याला ५९,००० रुपये लागतात; म्हणजे ही ठेव चार महिन्यांचा आधार आहे, आणि ज्या घराचे एक उत्पन्न मागांवर अवलंबून आहे त्या घराने याहून कमी ठेवू नये.

सुकन्या खात्यातून नववीची फी काढण्याचा विचार मात्र सोडून द्यावा लागेल. या खात्यातून शिक्षणासाठी रक्कम काढता येते ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा १८ वर्षांची झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा; आणि तीही मागील आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंतच. आठवी-नववीसाठी ती सोय नाही. खात्यात आज ५,६०,००० रुपये आहेत. सध्याचा ८.२ टक्के व्याजदर टिकला आणि महिन्याचे ४,००० रुपये चालू राहिले, तर दहावीच्या सुमारास ही रक्कम साडेआठ लाखांच्या पुढे जाईल. तिच्या पदवीसाठी आपल्याकडे एवढाच मोठा साठा आहे. तो बंद करू नका आणि कमीही करू नका.

कमी करायचेच असेल तर पीपीएफ करावे. हे खाते वर्षाला किमान ५०० रुपये भरूनही चालू राहते. तीन वर्षे तेवढेच भरल्यास सुमारे ७०,००० रुपये मोकळे होतात आणि खात्यात आधी साठलेल्या रकमेवर व्याज मिळतच राहते.

सोन्यावरील कर्जाला माझा स्पष्ट विरोध आहे. असे कर्ज एखाद्या अडचणीपुरते, परतफेडीचा पैसा कोठून येणार हे ठाऊक असताना घ्यावे. फी दरवर्षी येणार आहे. एका जूनमध्ये दागिने ठेवून फी भरली, तर पुढच्या जूनमध्ये वाढलेली फी, जुने मुद्दल आणि त्याचे व्याज अशी तिन्ही देणी एकत्र दारात उभी राहतील. शालेय शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलतही नाही. ती उच्च शिक्षणाच्या कर्जासाठी आहे. शिक्षण शुल्कावर कलम ८०सी खाली मिळणारी वजावट केवळ जुन्या करप्रणालीत आहे. आपले उत्पन्न पाहता नव्या प्रणालीत आपल्याला तसाही कर लागत नाही, म्हणून करबचतीचा एक रुपयाही मी हिशोबात धरलेला नाही.

आता तयारीच्या खर्चाकडे वळतो, कारण सगळी योजना इथेच बिघडते. आपण ‘फाउंडेशन ब्रिज कोर्स’साठी ६५,००० आणि टॅबसाठी ४५,००० रुपये ठरवले आहेत. शाळेच्या नियमपत्राच्या तिसऱ्या पानावर, भोजनाच्या वेळांच्या खाली, मोबाईल आणि टॅब वसतिगृहात ठेवता येणार नाहीत असे स्पष्ट छापलेले आहे, आणि संगणक शाळेतच उपलब्ध आहेत असेही पुढे म्हटले आहे. म्हणजे टॅब जूनमध्ये घरीच राहील. ब्रिज कोर्सच्या ६५,००० रुपयांत सुमारे ९,९०० रुपये जीएसटीचे आहेत, कारण शाळेच्या फीला जीएसटी माफ असला तरी खासगी कोचिंगवर तो १८ टक्के लागतो. पण कराहून मोठी गोष्ट अशी, की या शाळेने स्वतःच्या कसोटीवर तिला निवडले आहे. प्रवेश मिळाल्यानंतर पालकांच्या मनात ‘आपली मुलगी सोलापूरची, सेमी इंग्रजीची, मागे पडेल’ अशी जी धास्ती बसते, तिच्यावरच हे वर्ग चालतात. पालकाची ही काळजी मी समजू शकतो, तिला नावे ठेवत नाही. पण तिच्यासाठी एक लाखाहून अधिक रक्कम देऊ नये, असे कळकळीने सांगतो.

सेमी इंग्रजीमुळे गणित-विज्ञानाचे शब्द तिला अनोळखी नाहीत. अवघड जाईल ते इंग्रजीत सलग पाच-सहा वाक्यांचे उत्तर लिहिणे आणि निरीक्षणाची नोंद नीट ठेवणे. एनसीईआरटीची सातवीची विज्ञान व गणिताची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. आपण स्वतः शिक्षिका असल्यामुळे रोज एक उत्तर तपासून देणे आपल्याला जमेल. प्रयोगाची तयारी तर आपल्या कारखान्यातच आहे. यजमानांकडून वेगवेगळ्या टॉवेलांचे १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे तुकडे घ्यावेत, सुताच्या वजनासाठी असलेल्या छोट्या काट्यावर ते कोरडे तोलावेत, मग पाण्यात बुडवून, ठरावीक वेळ निथळू देऊन पुन्हा तोलावेत. ग्रॅममधल्या कोरड्या वजनाला १०० ने गुणले की व्यापारी ज्याला जीएसएम म्हणतात तो, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या वजनाचा, आकडा मिळतो. कोणता टॉवेल स्वतःच्या वजनाच्या किती पट पाणी धरतो, हे तिने तक्त्यात मांडावे, आलेख काढावा आणि दोन वेळा मोजून आकडा वेगळा का आला हे इंग्रजीत लिहावे. तिथल्या प्रयोगवहीत तिच्याकडून हेच मागितले जाणार आहे.

पैशांची सवयही आतापासून लावावी. १० वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडता येते. ते उघडून एप्रिल आणि मे महिन्यांत साबण, वह्या, रिफिली, केसांचे तेल यांचा खर्च तिच्याच हातात द्यावा आणि तिने तो लिहून ठेवावा.

विम्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपली एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पॉलिसी ६,००,००० रुपयांची आहे आणि २० पैकी ९ हप्ते भरून झाले आहेत. आपल्यापैकी एकाचे काही बरेवाईट झाले, तर घराचे कर्ज, दोन मुले आणि ही फी एवढ्या रकमेत निभावणार नाही. दोघांनीही निव्वळ मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, घ्यावा. त्यासाठी मी दोघांचे मिळून वर्षाला २२,००० रुपये धरले आहेत. प्रत्यक्ष हप्ता वय आणि प्रकृतीनुसार ठरेल. जुनी पॉलिसी तोट्यात मोडू नये, ती ‘पेड-अप’ करावी, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी झालेल्या रकमेवर चालू ठेवावी. मूळ रकमेच्या २० पैकी ९ भाग, म्हणजे २,७०,००० रुपये आणि आतापर्यंत जमा झालेला बोनस मुदतीअखेर मिळेल, आणि पुढचा ३६,००० रुपयांचा हप्ता थांबेल. मुदत विम्याचा खर्च वजा जाता तीन वर्षांत ४२,००० रुपये वाचतात.

आता बेरीज करा. २,५५,००० रुपयांच्या तुटीपैकी ७०,००० पीपीएफमधून आणि ४२,००० विम्यातून भरून निघाले, की १,४३,००० उरतात. पतसंस्थेची १,६०,००० रुपयांची ठेव त्याला पुरते आणि सतरा हजार हातात राहतात. गणित बसते, पण काटोकाट बसते. तयारीचे १,१०,००० रुपये त्यात घातले की बँकेची राखीव ठेव पहिल्याच उन्हाळ्यात फोडावी लागेल.

इतक्या काटोकाट योजनेला थांबण्याची खूण आधीच ठरवावी लागते. ही शाळा सीबीएसईची आहे. सीबीएसई नववीतच विद्यार्थ्यांची नोंदणी करते आणि त्यानंतर, विशेषतः दहावीत, शाळा किंवा मंडळ बदलणे फार जिकिरीचे होते. म्हणून फेरविचाराची खरी वेळ आठवीचा मार्च महिना आहे. त्या वेळी बँकेतील ठेव १,५०,००० रुपयांच्या खाली गेलेली असेल, किंवा मागांचे उत्पन्न वर्षभर दहा हजारांवरच अडकले असेल, तर तिला नववीसाठी सोलापुरात परत आणावे. हे आज तिच्याशीही मोकळेपणाने बोलावे. बारा वर्षांच्या मुलीला घरचा हिशोब समजतो.

एक पर्याय सोडताना तो जाणून सोडावा, म्हणून नोंदवतो. मोहोळ तालुक्यातील पोखरापूर येथील जवाहर नवोदय विद्यालयात नववीच्या रिक्त जागांसाठी निवड परीक्षा असते, आणि तिथला शिक्षण-निवासाचा भार पालकांवर जवळपास पडत नाही. मात्र त्यासाठी आठवी याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागते. मुलगी पुण्याला गेली की तो मार्ग बंद होतो. रिक्त जागा थोड्याच असतात, त्यामुळे हातातला प्रवेश त्या आशेवर सोडावा असे मी म्हणणार नाही.

अकरावी-बारावीचा निर्णय आज करू नये. त्या दोन वर्षांची फी याच गतीने ६,४०,००० रुपयांच्या पुढे जाईल. त्याच सुमारास पदवीचा खर्च समोर दिसू लागेल आणि धाकटा माध्यमिक शाळेत पोहोचलेला असेल. दहावीनंतर संगमेश्वर, वालचंद किंवा दयानंदमध्ये विज्ञान शाखेला येणे हा कमीपणा नव्हे. तीन वर्षांत लागलेली प्रयोगाची सवय तिच्याबरोबर येईलच.

अनामत भरण्यापूर्वी शाळेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : मार्चमध्ये सूचना देऊन मुलीला काढल्यास अनामत किती दिवसांत परत मिळेल, आणि नववीपासून कोचिंगचे वेगळे शुल्क, जीएसटीसह किंवा जीएसटीशिवाय, आकारले जाणार आहे का. ऑक्टोबरचा हप्ता डिसेंबरमध्ये घ्यावा अशी विनंतीही त्याच पत्रात करावी. आपल्या पॉलिसीचा पुढचा हप्ता जुलैमध्ये आहे. मुदत विम्याची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी पेड-अप करण्याचा अर्ज देऊ नये. त्यासाठी मुदत विम्याचा प्रस्ताव याच महिन्यात भरावा.