मुलगा आजीचं चित्र पुरं करत नाही

फ्रान्समधल्या ल्योंहून एका ताईंनी लिहिलंय: दहा वर्षांच्या मुलाने सांगलीच्या आजीच्या पंचाहत्तरीसाठी चित्र काढायला घेतलं. खुर्ची झाली, नऊवारीचे काठ झाले, चष्मासुद्धा झाला. चेहरा मात्र कोराच. विचारलं तर म्हणतो, "काढला तर आजी मरेल." शेजारच्या फ्रेंच काकांनी त्याला ‘सेंट सेया: द लॉस्ट कॅनव्हास’ ही जपानी कार्टून मालिका दाखवली होती. सासूबाईंचं मत: बंद करा ती मेली कार्टूनं.

ताई, काकांचं काय चुकलं ते आधी सांगते. फ्रान्समध्ये १९८८ पासून टीएफ१ या वाहिनीवर मूळ ‘सेंट सेया’ लागायची आणि तिथली एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली. काकांना वाटलं, हीसुद्धा तसलीच. पण ही मूळ गोष्टीच्या २४३ वर्षं आधीची, अठराव्या शतकातली कथा. टीव्हीसाठी नाही, २००९ ते २०११ या काळात डीव्हीडीसाठी काढलेली, त्यामुळे मरणाच्या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. तिच्यातल्या सोनेरी चिलखतवाल्या बारा योद्ध्यांपैकी दोघेच वाचणार, हे मूळ मालिका बघितलेल्याला आधीच ठाऊक असतं. चक्रव्यूहात शिरणारा अभिमन्यू बघताना पोटात कालवतं ना, तसंच.

अलोन हा त्यातला गरीब, हळवा चित्रकार पोरगा. हेडीस, म्हणजे मृत्यूचा देव, त्याच्यात शिरतो आणि मग तो ज्याचं चित्र काढेल तो मरतो. वर त्याला वाटतं, मरण म्हणजे सुटका. स्वतः चित्र काढणाऱ्या मुलाला हे झोंबणारच! तेव्हा "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावू नका, चारचौघांत हसू तर नकाच.

बंदी घातलीत तर तो काकांकडे जाऊन बघेल. मी तर म्हणेन, पहिला भाग त्याच्याशेजारी बसून बघा. अलोन, त्याची बहीण साशा आणि मित्र तेन्मा या तिघांच्या हातातली फुलांची कडी तिथे थांबून दाखवा, साशाने केलेली. तीच पुढे तेन्माला मरणातून परत आणतात. पोराला हे माहीत असेल, भीतीपोटी विसरला असेल. त्यानंतर मात्र तेराव्या वर्षापर्यंत थांबा. ही अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, २६ भागांवर अर्धवट सुटते, हेही आत्ताच सांगून टाका, नाहीतर पुढचे भाग शोधत बसेल. गोष्ट पुरी होते ती मांगात, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेच्या पुस्तकांत.

आणि चित्राचं? रविवारी आजींना व्हिडिओ कॉलवर समोर बसवा. काय झालंय ते त्यांना आधी सांगून ठेवा. त्यांनी अखंड बोलत राहायचं: पाणी कधी आलं, मेथी कितीला मिळाली, काहीही. तो एक भुवई काढेल, मान वर करून बघेल. आजी मेथीवरच असतील. मग दुसरी भुवई.