जुनी एस्टीम, वर-खाली होणारे आयडलिंग आणि कमी होणारे कूलंट: हेड उतरवण्याआधी

तुम्ही लिहिलेले थोडक्यात असे: २००२ ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनची) मारुती एस्टीम, गाडी पुण्यात. इंजिन गरम झाल्यावरही आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) ११०० ते १५०० आरपीएमच्या मध्ये वर-खाली होत राहते. दर पंधरवड्याला रेडिएटरमध्ये पेलाभर कूलंट घालावे लागते, पण पार्किंगमध्ये एक थेंब दिसत नाही. सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर येतो. गॅरेजवाले म्हणतात, हेड गास्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याच्या खालचा सील) गेले, हेड उतरवू.

माझा आग्रह आहे की अजून हेडला हात लावू देऊ नका. गास्केट गेले असेलही, पण तुमच्या लक्षणांवरून ते सिद्ध होत नाही. शिवाय या इंजिनात हीच सगळी लक्षणे देणारी दुसरी, बरीच स्वस्त जागा आहे: इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांचे) गास्केट.

या १२९८ सीसी इंजिनात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) मॅनिफोल्डवर बसतो आणि हेडमधून येणारे गरम कूलंट मॅनिफोल्डमधून पुढे जाते. म्हणजे चार पोर्टमधली (हेडमध्ये शिरायच्या वाटांमधली) हवा आणि त्यांच्या शेजारचे पाणी, दोन्ही अडवायचे काम एकाच गास्केटचे. इतक्या वर्षांनी ते पाण्याच्या भोकाच्या कडेने कुजते. जुने गास्केट हातात घेऊन बघा, भोकाभोवतीची कड काळी, फुगलेली आणि नखाने खरवडली तर पापुद्रे सुटणारी असते. ती कड पोर्टपर्यंत कुजली की पोर्टमधला व्हॅक्यूम कूलंट आत ओढतो आणि ते सिलिंडरमधून वाफ होऊन सायलेन्सरने बाहेर पडते. खाली थेंब पडणार कुठून? त्याच गास्केटची बाहेरची कड गेली असेल तर हवा ओढली जाते आणि आयडलिंग बिघडते. बघणाऱ्याला वाटते, हेडच गेले.

तपासणी मात्र कूलंटपासून सुरू करा, आयडलिंगपासून नको. कूलंटचे तापमान ईसीएमला (इंजिनाच्या संगणकाला) सांगणारा सेन्सर मॅनिफोल्डवर आहे. पातळी उतरली की त्याच्याभोवती हवेचा बुडबुडा अडकतो आणि तो चुकीचे, बदलते तापमान कळवू लागतो. ईसीएमला वाटते इंजिन थंड आहे, म्हणून ते आरपीएम वाढवते. अशा वेळी व्हॅक्यूम लीक शोधत बसलात तर दिवस फुकट जातो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडा (गरम असताना कधीही नाही, चेहरा भाजतो), काठोकाठ भरा, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. फक्त बाजूच्या बाटलीची पातळी बघून समाधान मानू नका. कॅपमधली छोटी झडप बिघडली की कूलंट बाटलीत जाते, पण परत येत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असे होते. कॅप जुनी असेल तर तेवढ्याच आकड्याची नवी लावा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा.

थर्मोस्टॅट जागेवर आहे ना, हेही विचारा. "आपल्याकडच्या उन्हात लागत नाही" म्हणून तो काढून टाकायची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवे तेवढे तापत नाही, ईसीएम पेट्रोल जास्त सोडत राहते आणि आयडलिंगही चढे राहते.

आता प्रेशर टेस्ट. हातपंपाचा टेस्टर कॅपच्या जागी लावायचा, कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, आणि दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे बघायचे. ही टेस्ट थंड इंजिनावरच सुरू करा, कारण क्लॅम्पखालचे काही लीक रबर आकसल्यावरच गळतात आणि गरम झाले की बंद होतात. टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या खालची बाजू, थ्रॉटल बॉडीला जाणारे बारीक होज, वॉटर पंपाखालचे छोटे भोक आणि रेडिएटरचे जोड बघा. ओल नसली तरी हिरवट-पांढरी पुटे दिसतील. कूलंट गरम धातूवर सुकले की तेवढेच मागे उरते. पंपच गळत असेल तर टायमिंग बेल्टही त्याच वेळी बदला. डाव्या सीटपुढचे कार्पेट उचलून हात लावा. ओल बुळबुळीत आणि गोडसर वासाची असेल तर हीटर कॉइल गळते आहे. साधे पाणी असेल तर एसीचा ड्रेन तुंबला आहे. चव घेऊन ओळखायला कोणी सांगितले तर ऐकू नका. कूलंटमधले ग्लायकॉल विषारी असते, सांडलेले लगेच पुसा, कुत्री-मांजरे ते चाटतात.

काटा उतरतो आहे पण बाहेर कुठेच ओल नाही, असे झाले तर चारही स्पार्क प्लग काढा. कूलंट जात असलेल्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. मग ब्लॉक टेस्ट: रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून, इंजिन चालू ठेवून, आतली हवा त्या द्रवातून ओढायची. हेड गास्केट फुटून सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रव पिवळा होतो. त्याआधी कूलंट थोडे कमी करा, नाहीतर तेच नळीत चढते. मग कॅप न लावताच इंजिन गरम होऊ द्या आणि टेस्ट, रेस देऊन, पुन्हा करा. दाब उतरतो, एक प्लग स्वच्छ आहे आणि द्रव तरीही निळाच, तर माझा पहिला संशय मॅनिफोल्डवर. ऑइल कॅपखाली दुधाळ साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती जमते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

एवढे झाल्यावर व्हॅक्यूम. या गाडीत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. म्हणून हवा चोरून आत आली की ईसीएमला दाब वाढलेला दिसतो, ते त्या प्रमाणात पेट्रोलही देते, आणि इंजिन अडखळण्याऐवजी आरपीएम चढतो. आयडलिंगची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही आरपीएम उतरला नाही की पेट्रोल क्षणभर तोडले जाते, आरपीएम पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू होते. ११०० ते १५०० चा तुमचा झोका बहुधा हाच.

मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच दाखवते. दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच वजा करायचा. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे तुमच्याकडे १५ ते १९ ठीक. मुंबईतल्या मित्राच्या आकड्याशी तुलना करू नका. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर लीक किंवा मागे पडलेले टायमिंग (ठिणगीची किंवा व्हॉल्व्हची वेळ). ठरावीक तालात थरथरत असेल तर व्हॉल्व्हकडे बघा.

मग एकेक होज कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबा: पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा), ब्रेक बूस्टरचा, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा. जो दाबल्यावर आरपीएम खाली येऊन स्थिर होतो, त्या होजमध्ये किंवा त्याच्या पलीकडे दोष आहे. बूस्टरचा दाबताना गाडी उभीच ठेवा, आणि रेग्युलेटरच्या होजमध्ये पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटर आजच बदला. कोणताच होज सापडला नाही तर मॅनिफोल्डच्या जोडावर स्प्रे बाटलीने पाणी मारा, वायरी आणि कनेक्टर वाचवून. पाणी फटीत गेले की आयडलिंग क्षणभर बदलते. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारणारे पुष्कळ भेटतील. गरम इंजिनावर आग लागते, त्यांना ठाम नाही म्हणा. बारीक लीकसाठी स्मोक मशीन असलेले गॅरेज शोधा, पैसे वसूल होतात.

मॅनिफोल्ड काढावाच लागला तर दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे पृष्ठ प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करायला सांगा, पॉलिश पेपरने नको. सरळ पट्टी लावून वाक आहे का बघा, गास्केट कंपनीचे घ्या, नट मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने आवळा. सिलिकॉन थापून काम उरकणाऱ्याला थांबवा. रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकू देऊ नका. हायवेवर अडकलात तर हळदीने घर गाठता येईल, पण ती हीटर कॉइलमध्ये साचते. भरताना बोअरचे पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे.

प्रेशर टेस्टला काटा किती उतरला, ब्लॉक टेस्टचा रंग काय आला आणि गेजने किती इंच दाखवले, एवढे तीन आकडे-निरीक्षणे लिहा. हेडबद्दल त्यानंतर बोलू.