रॅट डिस्टॉर्शन पेडलमध्ये काय बदललं तर एकाच पेडलमधून वेगवेगळे टोन मिळतील?

प्रश्न थोडक्यात असा: प्रोको रॅट २ आहे, सोल्डरिंग येतं. पण डिस्टॉर्शनचा नॉब थोडा वर नेला की पुढे सगळं एकसारखंच वाजतं, आणि हलक्या क्रंचसाठी (किंचित फाटलेल्या आवाजासाठी) खाली आणावा तर आवाज बोचतो. डायोड (सिग्नल कापणारे पार्ट) बदलू की आयसी (सिग्नल वाढवणारी चिप)?

आधी दोन्ही नको. सगळे डायोडपासूनच सुरुवात करतात, कारण ते दिसतात आणि रुपया-दोन रुपयांत मिळतात. रॅटचा हट्टी स्वभाव मात्र ४७ ओमच्या एका रेझिस्टरमध्ये आहे.

आयसीच्या पिन २ पासून ग्राउंडकडे दोन वाटा जातात. एका वाटेवर ४७ ओम आणि २.२ मायक्रोफॅरड, दुसरीवर ५६० ओम आणि ४.७ मायक्रोफॅरड. दुसरी वाट साधारण ६० हर्ट्झपासून काम करते, पहिली पूर्ण उघडते ती १५०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे वरच्या मिड्सना या पेडलमध्ये खास ढकललं जातं. डिस्टॉर्शनचा पॉट (नॉबखालचा फिरवता रेझिस्टर) १०० किलोओमचा आहे आणि दोन्ही वाटा समांतर धरल्या तर जेमतेम ४३ ओम भरतात. पूर्ण नॉबला गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, होते सुमारे २३०० पट, म्हणजे ६७ डेसिबल. हा कागदावरचा आकडा. मूळची एलएम३०८ किंवा नंतरच्या पेडलांतली ओपी०७, दोन्ही चिप मंद आहेत; इतक्या गेनला वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत त्या पोचतच नाहीत, आणि रॅटचा तो दाट, घुसमटलेला आवाज बराचसा त्यातूनच येतो.

आता ४७ ओमची वाट तोडली तर पूर्ण नॉबला गेन १८० पट, म्हणजे ४५ डेसिबल. खरा फायदा खालच्या भागात कळतो. नॉब अशा जागी ठेवा की पॉट १० किलोओमवर आहे: आधी तिथे २३० पट गेन मिळत होता, आता १९ पट. नॉबचा जो भाग आजवर वाया जात होता तिथे क्रंच येतो, गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज साफ होतो. बेस तसाच राहतो, फक्त वरचा बोचरेपणा उतरल्यामुळे तो जास्त भरीव वाटतो. हिस्सही कमी होतो. यालाच गिटारवाले रूएट्झ मॉड (मॉड म्हणजे सर्किटमधला बदल) म्हणतात.

रेझिस्टर कायमचा काढण्यापेक्षा त्याच्या रांगेत १ किलोओमचा लिनिअर पॉट, बी१के, घाला. पॉट शून्यावर असताना मूळ रॅट, पूर्ण फिरवला की ४९ डेसिबल, म्हणजे जवळजवळ तोडल्यासारखंच, आणि मधल्या सगळ्या छटा मोकळ्या. ९ मिमीचा छोटा पॉट घ्या, १६ मिमीच्या पॉटला आत जागा करताना जीव मेटाकुटीला येतो. डब्याला भोक पाडायचं नसेल तर १ किलोओमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) आत बसवून एकदाच सेट करा.

योग्य रेझिस्टर कसा ओळखायचा? ५ टक्क्यांचा असेल तर पट्टे पिवळा-जांभळा-काळा. पण काही बोर्डांवर वीजपुरवठ्याच्या वाटेतही ४७ ओम असतो, तो उचकटलात तर पेडल मरेल. म्हणून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून बघा: ज्याचं एक टोक थेट आयसीच्या पिन २ ला किंवा २.२ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरला लागतं तोच आपला. बोर्डावर पायवाल्या पार्ट्सऐवजी तांदळाच्या दाण्याएवढे चपटे एसएमडी पार्ट दिसले तर इथेच थांबा, त्याला वेगळी हत्यारं आणि वेगळा हात लागतो. आणि पेडल जुनं, मूळ एलएम३०८ असलेलं असेल तर त्याला हात लावू नका. विकताना त्याची किंमत जशाच्या तशा अवस्थेलाच येते. मॉड करायला नवं किंवा स्वस्त क्लोन घ्या.

काढताना रेझिस्टरचं एकच टोक उचला. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डरिंग विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी), प्रत्येक पॅडवर दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. जोर लावून ओढलं की तांब्याचा ट्रॅक बोर्डावरून सुटतो, मग वायरने पूल बांधत बसावं लागतं. उचललेलं टोक आणि रिकामा पॅड यांच्यामध्ये पॉटच्या दोन वायर जोडा. ही जागा पेडलमधली सगळ्यात नाजूक आहे, कारण इथे पकडलेला प्रत्येक कचरा शेकडो पट मोठा होतो. वायर १० सेंटिमीटरच्या आत, एकमेकींना पीळ दिलेल्या, आणि आउटपुट जॅकपासून लांब ठेवा. जास्त गेनला शिट्टी येऊ लागली तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं.

आता डायोड. मूळचे दोन सिलिकॉन डायोड, १एन९१४ किंवा १एन४१४८, सिग्नल साधारण ०.६ व्होल्टवर कापतात. लाल एलईडी कापतो १.७ च्या आसपास, म्हणून आवाज सुमारे ९ डेसिबलने मोठा आणि पिकचा धक्का जास्त जाणवणारा. टर्बो रॅटमध्ये एलईडी आहेत, यू डर्टी रॅटमध्ये जर्मेनियम. जर्मेनियम ०.३ व्होल्टलाच कापतो. व्हॉल्यूम पडतो आणि टोन आणखी चेपतो. वेगळ्या छटा हव्या असतील तर मला तो इथे फुकटचा खर्च वाटतो.

सिलिकॉन आणि एलईडी दोन्ही एकाच पेडलमध्ये हवे असतील तर ऑन-ऑफ-ऑन जातीचा एसपीडीटी (तीन पायांचा) मिनी टॉगल स्विच लागेल. साधा ऑन-ऑन आणलात तर मधली जागा मिळणार नाही, आणि तीच तर मजेची आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत तो मागताना "मधे ऑफ असलेला" असं स्पष्ट सांगा. दोन्ही डायोड काढा. मोकळ्या पॅडपैकी जो जॅकच्या ग्राउंडला वाजतो तो ग्राउंड, दुसरा सिग्नल. सिग्नलची वायर टॉगलच्या मधल्या पायाला. एका कडेच्या पायाला १एन४१४८ ची जोडी, दुसऱ्याला लाल एलईडीची जोडी, आणि दोन्ही जोड्यांचं दुसरं टोक एकत्र करून ग्राउंडला. प्रत्येक जोडीत डायोड उलटसुलट हवेत: एकाची काळी पट्टी वर, दुसऱ्याची खाली. एलईडीचा लांब पाय म्हणजे ॲनोड. दोन्ही एकाच दिशेने बसले तर लाटेची एकच बाजू कापली जाते; पेडल वाजतं, पण अकारण मोठं आणि खरखरीत, आणि चूक लवकर सापडत नाही.

टॉगल मधे ठेवला की डायोडच नाहीत, आयसी स्वतःच ९ व्होल्टच्या मर्यादेला धडकते. आवाज खूप मोठा होतो, पेडलचा व्हॉल्यूम आधी खाली घ्या. या जागेसाठी सिग्नल पॅड आणि ग्राउंड यांच्यात १ मेगओमचा रेझिस्टर जरूर टाका. डायोड सुटले की त्या बिंदूला डीसी उतरायला वाट राहत नाही, इलेक्ट्रोलिटिकच्या गळतीने तो हळूहळू चार्ज होतो आणि टॉगल हलवताना ॲम्पमधून फट् असा आवाज येतो.

बेसबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. दुसऱ्या पेडलांच्या मॉडच्या याद्या बघून लोक इनपुटचा २२ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर मोठा करतात. रॅटच्या इनपुटला १ मेगओम आहे, त्यामुळे तिथे बेसची कापणी ७ हर्ट्झला, म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजाच्याही खाली होते. बदलून काहीही ऐकू येणार नाही. बदलायचा तो ५६० ओमच्या वाटेवरचा ४.७ मायक्रोफॅरड. डाउनट्यून (खाली लावलेल्या) गिटारवर पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेले सूर) गढूळ होत असतील तर तिथे २.२ घाला, कापणी १३० हर्ट्झपर्यंत चढते. १ घातला तर २८० पर्यंत. बेस गिटारसाठी उलट १० घाला.

फिल्टरचा, म्हणजे रॅटच्या टोन नॉबचा, ३.३ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर २.२ केला तर नॉब पूर्ण उजवीकडे असतानाही आवाज तितका बुडत नाही. सर्वांत अंधारी कापणी ४७५ वरून ७१० हर्ट्झच्या आसपास येते. नॉब उलटा चालतो, उजवीकडे अंधार, हे लक्षात असू द्या.

आयसी शेवटी, आणि शक्यतो नाहीच. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या एलएम३०८ मध्ये दुसऱ्या चिपवर नाव छापलेला माल बराच असतो. ओपी०७ चा वेगही मूळ चिपइतकाच, त्यामुळे फरक कानाला क्वचितच कळतो. बदल ऐकायचाच असेल तर आठ पायांचा सॉकेट बसवून टीएल०७१ लावून बघा: लागणारे पाय तेच, पण चिप कितीतरी वेगवान, आवाज उघडा आणि काहीसा कर्कश. टीएल०७२ किंवा ४५५८ मात्र दुहेरी आयसी आहेत, त्यांचे पाय वेगळे, इथे बसत नाहीत.

भोक पाडण्याआधी बोर्ड डब्यातून बाहेर काढा. आधी ३ मिमी, मग पॉटच्या किंवा टॉगलच्या मानेच्या जाडीइतकं, आणि कानशीने कड घासून सगळा कीस झटकून टाका, नाहीतर तो बोर्डाखाली जाऊन शॉर्ट करतो.

सगळं जोडल्यावर आवाजच आला नाही तर व्होल्टेज मोजा. पिन ७ ला ९ च्या जवळ, पिन ४ ला शून्य, पिन ६ ला ४.५ हवेत. पिन ३ ला ४.१ दिसले तर घाबरू नका, तिथल्या १ मेगओमपुढे मीटरचा स्वतःचा १० मेगओमचा भार थोडं व्होल्टेज खातो. पिन ६ शून्याला किंवा ९ ला चिकटली असेल तर आयसी उलटी बसली आहे, गेली आहे, किंवा पिन २ जवळ सोल्डरचा थेंब शेजारच्या पायाला लागला आहे. भिंगाने बघा, बहुतेक वेळा तो थेंबच असतो.