कौटुंबिक नाटकातली सासू खाष, सून सोशिक आणि नवरा मुका, हा साचा मोडायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की हौशी संस्थेसाठी दोन अंकी कौटुंबिक नाटक लिहून झालंय, पण पहिल्याच वाचनाला मंडळींनी नाकं मुरडली. सासू खाष, सून सोशिक, नवरा मूग गिळून गप्प. हे शंभरदा पाहिलंय म्हणाले. आणि साचा मोडायला जावं तर घरातला ताणच निघून जातो, मग उरतं काय, हा तुमचा प्रश्न.

मी नाटककार नाही. बरीच वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलंय (विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं सुचवायची) आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळलीय, तेव्हा उत्तर विंगेतून दिसतं तेवढंच देता येईल.

प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याकडे प्रवेशागणिक यादी असते: कोण, कुठल्या विंगेतून, हातात काय. एका नाटकाची अशी यादी करताना सुनेच्या चौदा एंट्र्या निघाल्या. त्यातल्या अकरा वेळा हातात काहीतरी होतंच. चहाचा ट्रे, पाण्याचा तांब्या, घडी घातलेले कपडे, औषधाची बाटली, पुन्हा ट्रे. नवऱ्याच्या हातात पहिल्या प्रवेशात ऑफिसची बॅग, त्यानंतर काहीही नाही. तो सोफ्यावर, ही उभी. संवाद मात्र लेखकाने भलतेच पुरोगामी लिहिले होते. दुसऱ्या अंकात सून स्वातंत्र्यावर दीड पान बोलायची, टाळीही मिळायची. आणि टाळी थांबली की कपबशा गोळा करून आत जायची, कारण पुढच्या प्रवेशासाठी टेबल मोकळं हवं असायचं! हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्याही नाही, यादी करेपर्यंत.

मग दिग्दर्शकाने उत्साहाने ट्रे नवऱ्याच्या हातात दिला. प्रयोगात तो ट्रे घेऊन आला आणि नाट्यगृहात हशा. एकदा हशा मिळाल्यावर नट कशाला सोडतोय, पुढच्या प्रयोगाला त्याने कमरेला टॉवेलही खोचला. म्हणजे जे मोडायला निघालो होतो ते आणखी पक्कं झालं. बाईचं काम पुरुषाने केलं की गंमत, हेच आम्ही सांगत बसलो. नुसती अदलाबदल करायचा मोह तुम्हालाही होईल. खाष सासरा, सोशिक जावई वगैरे. करू नका.

ताणाबद्दल बोलायचं तर महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (1985) पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी फक्त वस्तूंवर लक्ष ठेवून वाचा. घरातला कर्ता गेलाय, दिवसकार्याला मुंबईहून मधला मुलगा आणि सून आलीत, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे, आणि घरात सोनं आहे. थोरली वहिनी ते दागिने अंगावर चढवते तो प्रवेश आठवा. एरवी राबणारी, अधूनमधून तिरकस बोलणारी बाई, आणि त्या घटकेला तिच्यात घराण्याची मालकीण दिसते. तिला त्या सोन्यात काय दिसतं ते कळलं की तिला खाष म्हणायची सोयच राहत नाही. घरातल्या मुलीला, प्रभाला, शिकायचं होतं, शिकू दिलं नाही. तिचा कडवटपणा तिथून येतो. आणि मला नेहमी वाटतं की त्या नाटकातली खरी सोशिक सून म्हणजे चंदू. धाकटा भाऊ, पण घरभर राबणारा, कोणी न विचारलेला. इतर नाटकांत जी जागा बाईची असते ती इथे एका पुरुषाला मिळालीय, आणि कोणी हसत नाही, कारण ती अदलाबदल म्हणून केलेलीच नाही. त्या घरात ज्याचं काही चालत नाही, त्याच्या वाट्याला ते काम आलंय.

तुमच्या सासूचं नेमकं काय जातंय, हे तुमच्या संहितेत (प्रश्नासोबत दिलेल्या दोन प्रवेशांत तरी) कुठेच नाही. ती सुनेच्या नोकरीला विरोध करते, कारण ती सासू आहे. हे कारण होत नाही. घर कोणाच्या नावावर आहे? तिच्या हातात महिन्याला किती पैसे येतात, आणि ते तिला मागावे लागतात का? सून नोकरीला गेली तर नातवंडाचं कोण करणार? हीच करणार, तिला न विचारता. मग ती जे बोलते आहे तो खाषपणा नाही, दमलेल्या बाईची तक्रार आहे. वाक्यं तीच ठेवा हवं तर. एवढं कळल्यावर नटी ती वेगळी म्हणेल.

सोशिक सुनेवरही माझा फार राग नाही. ‘एकच प्याला’ (1919) मधली सिंधू म्हणजे सोशिकपणाचं टोक, पण ती नुसती रडत नाही. माहेरची मदत घ्यायची नाही हे ती ठरवते आणि जात्यावर दळणं दळून घर चालवते. निर्णय पटो न पटो, तिचा आहे. शिवाय गडकऱ्यांनी तळीरामाची बायको गीता शेजारीच ठेवलीय, सिंधू जे बोलत नाही ते ती तोंडावर बोलते. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही: ही आदर्श पत्नी पुरुषाने लिहिली आणि पुरुषानेच, म्हणजे बालगंधर्वांनी, उभी केली. त्यांच्या साड्या नि केशरचना बघून घरोघरच्या बायका तसं नेसू लागल्या, असं तो काळ पाहिलेल्यांनी लिहून ठेवलंय. साचे घरातून रंगमंचावर येतात असं आपण धरून चालतो, पण उलटी वाहतूकही बरीच झालीय.

शेवटाबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘अ डॉल्स हाऊस’ (1879) मधली नोरा नवऱ्याच्या आजारपणासाठी वडिलांची खोटी सही करून कर्ज काढते, कारण नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज मिळत नाही. सगळा ताण त्या एका कागदात आहे. शेवटी ती घर सोडते. जर्मनीत हे नाटक होताना प्रमुख नटीनेच आक्षेप घेतला, मी मुलांना टाकून जाणार नाही म्हणाली. दुसऱ्या कोणी शेवट बदलण्याआधी आपणच बदललेला बरा म्हणून इब्सेनने स्वतः दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत नेतो आणि तिथे ती कोसळते. या प्रकाराला इब्सेन पुढे रानटी अत्याचार म्हणाला, तो वेगळा भाग. तुमच्याही तालमीत दहाव्या दिवशी कोणीतरी हळूच म्हणेलच, ‘शेवटी सुनेने सासूच्या पाया पडायला काय हरकत आहे? प्रेक्षक खूश होतील.’ बहुतेक तो निर्माता असेल.

राहिला तुमचा मुका नवरा. तो मला सगळ्यात कच्चा वाटला. दोन बायका भांडतात आणि तो मधे अडकलाय, बिचारा. यात सगळा दोष आपोआप बायकांकडे जातो आणि याला सहानुभूती फुकटात मिळते. त्याच्या गप्प बसण्यातून त्याला काय मिळतंय ते दिसू दे. ‘चारचौघी’मध्ये (1991, लेखक प्रशांत दळवी) विद्याचा नवऱ्याशी लांबलचक फोन आहे. नवरा रंगमंचावर दिसतच नाही, आपल्याला फक्त तिची बाजू ऐकू येते. तरी प्रत्येक पॉजमध्ये पलीकडे तो काय सारवासारव करत असेल ते कळतं. तुमचा नवरा समोर बसून तेवढाही दिसत नाही.

ट्रेचं आम्ही पुढे काय केलं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या प्रयोगाला पडदा उघडतानाच ट्रे टेबलावर ठेवला. चार कप, चहा ओतलेला. अंकभर कोणी हात लावला नाही. भांडण पेटलं, लोक उठले, बसले, कप तिथेच. पहिल्या रांगेतल्या एक बाई मध्येच शेजारणीला कुजबुजल्या, ‘अगं, साय धरली असेल त्यावर.’ विंगेत मला स्वच्छ ऐकू आलं. अंकाच्या शेवटी नवरा एकटा उरला आणि ब्लॅकआउट व्हायच्या आधी त्याने ट्रेकडे पाहिलं. या वेळी हशा नव्हता. त्याने तो उचलला की नाही हे प्रकाशयोजनाकाराने आम्हाला कधीच नीट पाहू दिलं नाही, प्रत्येक प्रयोगाला दिवे अर्धा सेकंद आधी घालवायचा.