आधी नुकसान भरून काढावे, की आधी थांबावे?

प्रश्न: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून संख्याशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. गेले वर्षभर मी रात्री ऑनलाइन पोकर खेळतो. सुरुवातीचे काही महिने नफ्यात होतो, अलीकडे मात्र बरीच रक्कम गेली आहे. परीक्षेला चार महिने उरले आहेत, म्हणून खेळ थांबवावा असे वाटते. पण गेलेले पैसे परत मिळाल्याशिवाय थांबायला मन तयार होत नाही. शिवाय एवढा खंड पडला तर खेळातला हात बिघडेल, अशीही भीती आहे. काय करावे?

उत्तर: थांबण्याचा विचार तुम्हाला स्वतःहून सुचला, याचा मनापासून आनंद वाटला. मात्र त्याला जोडलेली अट आधी काढून टाका. नुकसान भरून निघेपर्यंत खेळायचे ठरवले, तर केव्हा थांबायचे हे तुम्ही ठरवणार नाही, पत्ते ठरवतील. आणि परीक्षेची तारीख काही पत्त्यांसाठी थांबत नाही. गेलेली रक्कम आजच अक्कलखाती मांडा आणि तोटा तसाच ठेवून थांबा.

तुमचा विषय संख्याशास्त्र आहे, म्हणून हिशेबच मांडून दाखवतो. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेमच्या (पैजेला वरची मर्यादा नसलेल्या पोकर प्रकाराच्या) टेबलावर दर 100 डावांच्या निकालाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, साधारण 90 बिग ब्लाइंडच्या (पत्ते वाटण्याआधी लावावी लागणारी ठरावीक रक्कम; नफा-तोटा याच एककात मोजतात) आसपास असते, आणि दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड मिळवणारा खेळाडू चांगला समजला जातो. 10,000 डाव खेळून झाले, म्हणजे शंभराचे 100 गट झाले, तरी सरासरीतील प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो ते माप, 90 भागिले 100 चे वर्गमूळ 10, म्हणजे 9 बिग ब्लाइंड येते. जो नफा मोजायचा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट ही त्रुटी आहे! ती 1 बिग ब्लाइंडवर आणायची तर 8,10,000 डाव लागतील. तासाला 70 डाव या वेगाने दोन टेबले एकाच वेळी लावली तरी सुमारे 5,800 तास. तेव्हा सुरुवातीचा नफा कौशल्याचा आणि आताचा तोटा नशिबाचा, असा निवाडा करण्याइतकी माहिती तुमच्याजवळ बहुधा नाही, आणि चार महिन्यांत ती जमणारही नाही. त्यातच प्रत्यक्ष पैशांच्या टेबलावर बहुतेक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, कापला जात असल्यामुळे सर्व खेळाडूंची मिळून बेरीज तोट्याचीच असते.

वेळेचा हिशेब याहून अवघड आहे, कारण खेळ संपला तरी तो डोक्यातून जात नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे सुमारे 18 टक्के वेळा हरते. हे गणित तुम्हाला पाठ असेल, तरीही रात्री एक वाजता रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या सामाईक पत्त्यावर, राजा पडून गेलेला पॉट दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासालाही आठवत राहतो. एक काम सोडून दुसरे हाती घेतले तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले आहे. म्हणूनच ‘रोज फक्त एक तास’ ही तडजोड मला पटत नाही.

थांबायचे म्हणजे नेमके काय करायचे? नुसते ॲप काढून टाकणे पुरेसे नाही; खाते चालू राहते आणि ॲप पाच मिनिटांत परत येते. खात्यातली शिल्लक पूर्ण काढून घ्या, साठवलेले कार्ड हटवा आणि स्वतःला खेळापासून वगळण्याची सोय असेल तर परीक्षा संपल्यानंतरची तारीख घालून ती वापरा. ठरलेल्या मुदतीआधी ही बंदी सहसा उठवता येत नाही, आणि तिचा खरा उपयोग तोच आहे. बोनसचे संदेश बंद करा. दुसऱ्यांचे खेळ पाहणे आणि डावांचे विश्लेषण करत बसणे हेही याच सुट्टीत थांबले पाहिजे. ‘अभ्यासासाठीच पाहतो आहे’ ही पळवाट तुमच्या विषयाच्या विद्यार्थ्याला फार सहज सापडते. रात्रीचे मोकळे झालेले तास झोपेला द्या. वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.

हात बिघडण्याची काळजी करू नका. चार महिन्यांनी पत्ते 52च असतील आणि संभाव्यताही त्याच राहतील. वेग थोडा मंदावेल, तो सरावाने परत येतो. पुन्हा खेळायचे की नाही, हा निर्णय निकाल हातात आल्यावर शांतपणे घ्या.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करू नका. हरलेले परत मिळवण्यासाठी वारंवार खेळाकडे वळणे, थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे आणि जवळच्यांपासून खेळणे लपवणे ही अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या 2013 च्या निकषांत जुगाराच्या विकाराची लक्षणे मानली आहेत. यातले पहिले तुमच्या पत्रातच दिसते. तेवढ्यावरून विकार ठरत नाही, पण वरचे सर्व करूनही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही दुसरे खाते उघडलेत किंवा खेळण्यासाठी उसने पैसे घेतलेत, तर परीक्षेची वाट न पाहता महाविद्यालयाच्या समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि गेलेल्या रकमेचा खरा आकडा त्यांना सांगा.