मोंटेसरी गरीब पोरांसाठीच सुरू झाली होती

हर्णैहून बारावी झालेल्या एका मुलीचं पत्र आलंय. ती वाडीतल्या अंगणवाडीत सेविकेला मदत करते, तिथे खलाशांची आणि आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं येतात. ती विचारते, "मोंटेसरी वगैरे फक्त श्रीमंतांच्या शाळांसाठी असतं की आमच्या पोरांनापण उपयोग होतो? चाळीस हजार भरून शहरात सहा महिन्यांचा टीचर कोर्स करू का? बाबा म्हणतात बीकॉम कर."

अगं, आधी पहिला प्रश्न घेऊ, तो क्लिअर झाला की कोर्सचं सोपं होईल. मोंटेसरी म्हणजे वस्तू हाताळत मुलाने आपलं आपण शिकायची पद्धत. आज ती एसी वर्गात दिसते म्हणून तसं वाटतं, पण इटलीच्या डॉक्टर मारिया मोंटेसरींनी १९०७ साली पहिलं बालगृह काढलं ते रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत, आईबाप कामाला गेले की दिवसभर मोकाट असणाऱ्या पोरांसाठी. आणि आपल्याच किनाऱ्यावर, वर डहाणूकडे, मोंटेसरी पद्धत आपल्या मातीत रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. वाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तर शिक्षिकाच वाडीत जाऊन अंगणात वर्ग भरवायच्या, आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणं, मग शिकवणं, आणि साहित्य काय तर बिया, खडे, शिंपले. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळासुद्धा काढली त्यांनी!

फायदा होतो का? होतो, पण आपोआप नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांवर पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला, तो मोंटेसरीचा नव्हता, पण चांगल्या बालवाडीचा होता, त्यातल्या साधारण अर्ध्यांना बालवाडी मिळाली. आज काय करणार ते मुलाने सांगायचं, करायचं, मग काय केलं ते सांगायचं, अशी पद्धत, शिवाय बाई दर आठवड्याला घरी जायच्या. बुद्ध्यांकातला फरक काही वर्षांत पुसला गेला, पण चाळिशीत बघितलं तर बालवाडीवाल्यांकडे नोकऱ्या जास्त, अटक कमी. मोंटेसरीचं बघायचं तर अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहरात सरकारी मोंटेसरी शाळांचे प्रवेश लॉटरीने होतात, तिथल्या १४१ मुलांचा अभ्यास २०१७ ला आला, त्यात मोंटेसरीतली गरीब मुलं तीन वर्षांत सुखवस्तू मुलांच्या बरीच जवळ आलेली दिसली. दोन्ही अभ्यास लहान आहेत हे लक्षात ठेव, आणि दोन्हीकडे शिक्षिका नीट ट्रेन झालेल्या होत्या, माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे, महागड्या लाकडी सेटमध्ये नाही.

म्हणजे नेमकं काय ते सांगते. गुहागरकडच्या एका अंगणवाडीत चार वर्षांचा एक मुलगा तिसऱ्यांचे शिंपले लहान-मोठे लावत होता, मधला एक चुकला, सेविका शेजारी बसलेली पण हात मागे, गप्प. त्याने दोनदा बोट फिरवलं, थांबला, शिंपला उचलून बरोबर जागी ठेवला, मग ती म्हणाली "कसं कळलं रे?" आणि तो त्याच्या बोलीत धडाधडा बोलत सुटला. ज्या घरात दमून आलेल्या आईला बोलायला वेळच नसतो ना, त्या पोराला हे बोलणं लाखमोलाचं आहे. तुझ्याकडच्या नेपाळी मुलांच्या आयांकडून चार-पाच शब्द शिकून घे, पाणी, भूक, ये, बस, बघ किती फरक पडतो. आणि इंग्लिश राईम्सची घाई नको, प्लीज.

आता कोर्स. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर चाळीस हजार घालू नकोस, एनसीटीईची (शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची संस्था) मान्यता आहे का ते लेखी माग, बऱ्याच ठिकाणी नसते. बाबांचंही ऐक, पदवी हवीच, पण बीकॉमच कशाला? एसएनडीटी महिला विद्यापीठात मानव विकास (मुलांची वाढ कशी होते ते) हा विषय आहे, घर सोडायचं नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी कर, जोडीला इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) बालशिक्षणाचा डिप्लोमा बारावीवर होतो, फक्त माध्यम आधी बघून घे. सेविकेची जागा निघाली तर स्थानिक आणि बारावी पास म्हणून तू पात्र ठरतेस, वयाची अट जाहिरातीत बघ, पण ते मानधन असतं, पगार नाही, हे बाबांना आत्ताच सांग. पदवी झाली की मुख्यसेविकेची, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंच्या पदाची, परीक्षा देता येते, झेडपी शाळेत जायचं असेल तर डीएलएड (शिक्षकी पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा). नव्या शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, त्यामुळे या वयाची मुलं कळणाऱ्या माणसांची गरज वाढणार आहे.

तोवर रोज एका मुलाबद्दल चार ओळी वहीत लिही, काय केलं, कुठे अडलं, काय बोललं. महिन्याभराने ती वही मला पाठव, मग अ‍ॅडमिशनचं बोलू.