देवावर रुसलात का?

"मी देव मानत नाही, आणि मुलीच्या गावात माझ्या वयाच्या सगळ्या बायका हरिपाठाला जातात. मग काय मरेपर्यंत दार लावून बसू?"

हे विचारताना बाई मांडीवरच्या पर्सचा चाप सारखा उघडमीट करत होत्या. वय ६७, ठाण्यात बँकेत नोकरी झालेली. यजमान वारल्यावर मुलीकडे, अंबाजोगाईकडच्या एका गावात, राहायला आलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लातूरला माझ्याकडे हा प्रश्न वरचेवर येतो, विशेषतः शहरातून आलेल्या निवृत्त मंडळींकडून.

बाईंना एकटेपणा होताच, पण बोचत होतं ते दुसरंच. त्या देवळात का येत नाहीत याचा अर्थ गल्लीनं परस्पर लावून टाकला होता. शेजारच्या अक्का रोज म्हणायच्या, "मालक गेले म्हणून देवावर रुसायचं नसतंय, काकू." बाई तर पंचविशीपासून नास्तिक. घरातली पूजा यजमान करायचे, फुलं या आणून द्यायच्या. अडतीस वर्षं दोघांचं छान जमलं. "माझ्या विचाराला ही माणसं सुतक समजतात हो," त्या म्हणाल्या.

माझा पहिला सल्ला साफ चुकला. म्हटलं, नुसत्या जाऊन बसा, ऐकायला काय जातंय? त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी हातात टाळ आले, आठवड्याभरात कपाळाला बुक्का, आणि एकादशीला अक्कांनी तुळशीची माळच पुढे केली. बाई तणतणतच माझ्याकडे आल्या.

वारकऱ्याची माळ गळ्यात पडली की मांस-मासे सुटले, एकादशी लागली, वारी आली. बाईंना तर आठवड्यातून एकदा मासे हवेत, त्यासाठी जावयाला लातूरला पिटाळतात! मी विचारलं, "खोटं वागायचं नाही म्हणूनच माळ नको म्हणालात ना? मग हे अक्कांना का नाही सांगितलं?"

आम्ही खोलीतच तालीम केली. पहिल्या खेपेला बाईंनी मला अक्का समजून विज्ञानावर भाषणच ठोकलं. ते कापत कापत दोन वाक्यांवर आणलं: "अक्का, मी रुसलेली नाही, मी आधीपासूनच देव मानत नाही. माळ घालून मासे खाणं मला जमायचं नाही, म्हणून नको म्हणते."

मराठवाड्याला नास्तिक काही नवा नाही. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवत, आणि त्यांची व्याख्यानं ऐकायला भाविकही येत. गल्लीला घुम्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा नास्तिकाचा येत नाही, हा माझा अनुभव. अर्थात सासरी नांदणाऱ्या सुनेला मी हाच सल्ला इतक्या बिनधास्त देणार नाही.

अक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या. ऐकून घेतलं, आणखी चार शेंगा फोडल्या आणि म्हणाल्या, "मग आधी सांगायचं की! मी तर रोज तुमच्या नावानं हरिपाठ म्हणायले."

पुढचं आपोआप झालं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ असते. जन्मभर राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र लवकर घेत नाही. मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे बाईंना बँकेमुळे ठाऊक. भजनी मंडळातल्या बायका एकेक करून त्यांच्या ओसरीवर येऊ लागल्या. एक जण अजूनही म्हणते, "येईल तुम्हाला बुद्धी." बाई तिला चहा देतात.

आषाढीला त्यांचा फोन आला. अक्का आणि मंडळी एसटीनं पंढरपूरला गेलेली, चार घरांच्या किल्ल्या बाईंकडे, चारही तुळशींना रोज पाणी घालायचं काम यांचं.

"अक्कांच्या तुळशीची पानं पिवळी पडायला लागलीत," आवाजात खरीच काळजी होती. "पाणी जास्त झालं का हो? आता नास्तिकाचा हात लागला म्हणतील."